दुर्गव्वाच्या दारापर्यंत

संघपाल कोलकारने छत्तीस वर्षं लोखंडावर आकडे मारले. हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये डब्यांची चाकं उतरून येत, तपासली जात, कातली जात, आणि एक्सलच्या, म्हणजे चाकं जोडणाऱ्या आसाच्या, तोंडावर नंबर, महिना आणि वर्ष ठोकलं की पुन्हा रुळावर जात. ते ठोकण्याचं काम त्याचं. एका हातात पोलादी पंच, दुसऱ्या हातात हातोडा, आणि एका आकड्याला एकच घाव. दुसरा घाव पडला तर आकडा दुहेरी उमटतो, आणि मग तो कुणी खरा मानत नाही. त्याची ओळ कधी वाकडी गेली नाही. रिटायर झाला त्या दिवशी सोबत्यांनी हार घातला, शाल दिली आणि आकड्यांच्या पंचांची एक नवीकोरी पेटी दिली.

"आता घरात बसून हे कशावर ठोकणार?" बायकोने, विशाखाने विचारलं.

"तुझ्या भांड्यांवर. हरवली तर नंबरावरून सापडतील."

भांड्यांवर नंबर पडले नाहीत, कारण सहा महिन्यांतच फियाट घरी आली.

केशवापूरच्या मागच्या अंगाला, रेल्वेच्या भिंतीला लागून त्यांची गल्ली आहे. घरासमोर थोडी मोकळी जागा, तिच्यावर संघपालने स्वतः उभारलेलं पत्र्याचं छप्पर. त्या छपराखाली, पंचाहत्तर साली नवी असलेली आणि आता चारही टायर बसलेली, देशपांडे नगरातल्या डॉक्टर पद्मनाभांची फियाट ढकलत आणून उभी केली तेव्हा गल्लीतली माणसं दारात आली. डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची मुलगी उत्तरा बंगला विकून पुण्याला निघाली होती. जाण्याआधी तिने संघपालच्या वडिलांना, जोतिबांना, बोलावून घेतलं.

"जोतिबाकाका, भंगारवाला येऊन बघून गेला. माझ्याच्यानं हो म्हणवेना. तुम्ही नेता का?"

जोतिबांनी, म्हणजे अप्पांनी, डॉक्टरांचे ड्रायव्हर म्हणून ती गाडी एकतीस वर्षं चालवली होती. उत्तराने कागदांवर सह्या केल्या, आरसी बुक त्यांच्या हातात दिलं, आणि अप्पांनी ते उघडून न बघताच सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं. तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी त्यांनी बेळगावला फोन लावला. तिथे त्यांची धाकटी बहीण राहते, दुर्गव्वा. फोनवर ते एवढंच म्हणाले, "दुर्गे, गाडी माझ्या नावावर होतीया. आता तुझ्या दारात आणतो."

हे का म्हणाले ते घरात सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टर महिना-दोन महिन्यांनी बेळगावला डॉक्टर लोकांच्या बैठकीला जात. बैठक तीन-चार तास चाले. दुर्गव्वाचं घर तिथून दहा मिनिटांवर. पण अप्पा गाडी सोडून कधी हलले नाहीत, आणि गाडी घेऊन तर नाहीच नाही. मग दुर्गव्वाच डबा घेऊन बैठकीच्या फाटकापाशी येई. भाऊ-बहीण बॉनेटशी उभं राहून जेवत. ती दर वेळी म्हणे, "एकदा गल्लीत आण की रं अण्णा. सगळी म्हणतात, दुर्गव्वाच्या भावाची गाडी कुणी बघितलीच न्हाई." आणि अप्पा दर वेळी म्हणत, "गाडी डॉक्टरांची. पेट्रोल डॉक्टरांचं." डॉक्टरांना विचारलं असतं तर ते नक्की हो म्हणाले असते. अप्पांनी एकतीस वर्षांत विचारलं नाही.

संघपालने हे लहानपणापासून ऐकलं होतं. वडिलांसाठी आपण काही मोठं केलं असं त्याला वाटत नव्हतं. वर्कशॉप, शिफ्ट, संसार यात ते राहूनच गेलं होतं. आता हातात वेळ होता आणि हाताला काम येत होतं. त्याने ठरवलं, ही गाडी आपण घरीच उभी करायची, रस्त्याला लावायची, आणि अप्पांना घेऊन दुर्गाआत्याच्या दारात नेऊन थांबवायची.

काम सुरू झालं आणि गाडी आतून किती गेली आहे ते रोज थोडं थोडं कळू लागलं. इंजिन जाम होतं. त्याने प्लग काढून सिलिंडरांत डिझेल ओतलं आणि आठ दिवस वाट बघितली. नवव्या दिवशी पान्याला जोर दिल्यावर आतून एक बारीक कुरकूर आली आणि इंजिन केसभर फिरलं. पायाखालचा पत्रा सुरीने कापावा इतका मऊ झाला होता. सीटच्या स्प्रिंगांत उंदरांनी संसार केला होता. ब्रेकचे सिलिंडर, काचांची रबरं, पाण्याचा पंप या एकेका वस्तूसाठी तो जुन्या मालाच्या दुकानांतून फिरला, फोन करत राहिला, मिळाली की पिशवीतून घरी आणून अप्पांच्या हातात देत राहिला. अप्पा छपराखाली खुर्ची टाकून बसत. वस्तू हातात घेऊन उलटीसुलटी करत आणि मान हलवत.

"ही त्याच गाडीची. ती परवा आणलीस ती न्हवती."

"अप्पा, त्यावर लिहिलंय."

"लिहू दे की. तिचा दात आखूड होता."

आणि बहुतेक वेळा तेच बरोबर निघे.

दर रविवारी सकाळी दहाला दुर्गव्वाचा फोन येई. स्पीकर मोठा करून अप्पा फोन गुडघ्यावर ठेवत.

"अण्णा, गाडी खट्टे पोचली, कुठवर आलं काम?"

"इंजिन लागलंय."

"मागच्या महिन्यातबी इंजिनच लागलं होतं की."

"तवा काढलं होतं. आता लावलंय."

"बघ गा बाबा. मी गल्लीत सांगून ठेवलंय. शेजारची म्हणती, आजी, तुमच्या भावाची गाडी ढकलत यायलीय वाटतं बेळगावपर्यंत."

अप्पा हसत. त्यांचे खांदे हलत, आवाज होत नसे. संघपाल गाडीखाली पडल्या पडल्या ते हसणं बघे. खालून त्याला फक्त त्यांची पावलं आणि खुर्चीचे पाय दिसत, पण हसताना अप्पांच्या पायांची बोटं आत वळतात हे त्याला त्या दिवसांत कळलं.

रंगाच्या कामाला त्याने सगळ्यांत जास्त वेळ घेतला. गॅरेजवाल्यांनी सांगितलं होतं, वरचा पापुद्रा काढायचा, पुट्टी भरायची, स्प्रे मारायचा, चार दिवसांत गाडी नवी. संघपालला ते पटणारच नव्हतं. वर्कशॉपमध्ये त्याला पहिल्या महिन्यात शिकवलेली गोष्ट होती, लोखंड उघडं झाल्याशिवाय त्यावर काही चढवायचं नाही. खाली एक कणभर गंज राहिला तर तो वरच्या सगळ्या रंगाला खातो. म्हणून त्याने गाडी उघडी केली. ग्राइंडर, तारेचा ब्रश, पॉलिशपेपर. दारं, छत, मडगार्ड, डिकीचा तळ. इंजिनच्या मागचा आडवा पत्रा, जिथे कुणाचा हात जात नाही आणि कुणाची नजर पडत नाही, तोही त्याने वाकून वाकून घासला. त्यावर रंगाचे आणि डांबराचे किती थर होते देव जाणे. तिथे गाडीची माहिती असलेली एक छोटी पट्टी स्क्रूने बसवलेली होती. ती त्याने काढली, उजळली, जपून ठेवली, आणि रंग वाळल्यावर होती तिथेच परत बसवली. अकरा आठवडे गेले. विशाखा म्हणाली, "माझ्या लग्नातल्या दागिन्यांनासुद्धा एवढं कुणी घासलं नव्हतं."

अप्पांनी रंग सांगितला होता. पांढरा, पण दुधासारखा नव्हे. दुधावर साय धरताना असतो तसा. तोच दिला. गाडी पहिल्यांदा चालू झाली तेव्हा त्यांनी खुर्चीवरून उठून बॉनेटवर तळहात ठेवला. मग म्हणाले, "चोक अर्धाच ओढ. पुरा ओढलास की रुसते."

गाडीच्या रजिस्ट्रेशनची मुदत संपून जमाना झाला होता. तपासणीला नेऊन पास करून घेतल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नव्हती. फेब्रुवारीत तारीख मिळाली. संघपालचा जुना सोबती महादेव अमरगोळच्या मार्केट यार्डात ट्रॅक्टर वाहून नेणारी सपाट गाडी चालवतो. त्याने फियाट तिच्यावर चढवून आरटीओत आणली.

"गावातल्या गावात आरटीओ, आणि ह्यानं नवरीसारखी उचलून आणली," महादेव तिथल्या लोकांना सांगत होता. "चालवत आण म्हटलं तर म्हणतो, पास झाल्याशिवाय चाक रस्त्याला लागणार न्हाई."

तपासणारा इन्स्पेक्टर तिशीच्या आतबाहेरचा होता, कन्नडच बोलणारा. त्याने दिवे बघितले, हॉर्न वाजवून बघितला, चढावर हँडब्रेक ओढून गाडी सोडून दिली. ती जागची हलली नाही. इंजिन चालू असताना त्याने बॉनेटवर पेन उभं करून ठेवलं. पेन पडलं नाही. तो हसला आणि म्हणाला, "मस्त माडीरी." छान केलंत. संघपालला वाटलं, आपण हे शब्द असेच्या असे अप्पांना सांगायचे.

मग इन्स्पेक्टरने खिशातून पातळ कागद आणि पेन्सिल काढली. "चासी नंबर एल्लैती री?" गाडीच्या सांगाड्याचा नंबर कुठे आहे?

संघपालने उजळलेली पट्टी दाखवली.

"ही नाही. ही चार स्क्रूंवर असते, उद्या मी काढून दुसऱ्या गाडीला लावीन," इन्स्पेक्टर कन्नडमध्ये म्हणाला. "पत्र्यात मारलेला दाखवा. त्यावर कागद ठेवून मला ठसा घ्यायचा आहे."

दोघं वाकले. इन्स्पेक्टरने मोबाइलचा उजेड टाकला. इंजिनच्या मागचा आडवा पत्रा सायीच्या रंगात चकचकत होता. त्यात दोघांचे चेहरे दिसत होते. इन्स्पेक्टरने बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, मग परत. बोट कुठेच अडकलं नाही.

आणि तेव्हा संघपालला आठवलं. डोक्याला नव्हे, अंगठ्याला आठवलं. डांबर निघाल्यावर त्याच जागी त्याला बारीक खड्डे लागले होते, एका ओळीत, गंजाने भरलेले. खरबरीत. त्याने अंगठा फिरवला होता, पत्रा खाल्लाय असं मनात म्हटलं होतं, आणि ग्राइंडर लावला होता. एकदा लावून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा लावला होता. उरलंसुरलं पुट्टीने भरून टाकलं होतं. छत्तीस वर्षं ज्याच्या अंगठ्याखालून आकडे गेले त्याला अंगठ्याखाली आलेले आकडे कळले नव्हते.

इन्स्पेक्टर सरळ झाला. "जुनी गाडी आहे. गंजून गेला असेल. होतं असं. मी तसं लिहितो."

"गंजला नव्हता," संघपाल म्हणाला. "मी घासला."

महादेवने त्याच्या पायावर पाय दिला. तो पाय तसाच राहिला आणि संघपाल बोलत राहिला, कसं डांबर होतं, कसे खड्डे लागले, किती घासलं. ऐकता ऐकता इन्स्पेक्टरने पेन्सिल खिशात ठेवली.

"नोकरी कुठे केलीत?"

"वर्कशॉपला. नंबर मारायचो."

इन्स्पेक्टरने त्याच्याकडे नीट बघितलं. थट्टा चालली आहे का ते तो बघत असावा. मग हळू आवाजात म्हणाला, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं. आता सांगितलंत, तर मला लिहावं लागेल."

आणि त्याने लिहिलं. दुरुस्तीच्या वेळी नंबर काढला गेला. पुढची वाट त्याने समजावून सांगितली, दोनदा, सावकाश. अर्ज करायचा, पोलिसांचा पंचनामा, मग बेंगळुरूची प्रयोगशाळा. तिथे ॲसिड लावून बघतात. ठोकलेल्या आकड्याचा दाब पत्र्यात खोलवर राहिलेला असतो. तो दिसला तर नंबर पुन्हा मारायचा हुकूम निघतो.

"आणि नाही दिसला तर?"

"दिसेल," इन्स्पेक्टर म्हणाला. तो भला माणूस होता.

पण आपण किती खोल घासलं आहे ते संघपालला ठाऊक होतं. दाब किती खोल जातो तेही.

परत येताना महादेव सगळ्या वाटेवर बडबडत होता. "हरिश्चंद्राच्या घरात जन्मलास का रे? तो लिहून द्यायला तयार. गंजला म्हणायचं, गप्प बसायचं. कुणाचं वाईट होत होतं?" संघपालने आरशातून मागे बघितलं. फियाटवर ऊन पडलं होतं. रस्त्यावरची माणसं मान वळवून बघत होती, एकाने तर मोबाइलवर फोटो काढला.

अप्पा दारातच होते. "पास?"

"न्हाई."

"इंजिन?"

"इंजिन बरोबर हाय."

"ब्रेक?"

"ब्रेकबी."

"मग काय राहिलं?"

संघपालने सांगितलं. अप्पांनी खुर्चीचा हात दोन-तीनदा पुसला. मग म्हणाले, "नंबर मला पाठ हाय की. विम्याचा कागद भरताना डॉक्टर विचारायचे, मी सांगायचो." आणि त्यांनी तो सांगितला, न अडखळता, शाळेतल्या पोराने पाढा म्हणावा तसा. संघपालने आरसी बुक काढून ताडून बघितला. एकही आकडा चुकला नव्हता.

विशाखाने हे आतून ऐकलं. दुपारी अप्पा झोपल्यावर ती छपराखाली आली. तिच्या हातात पंचांची पेटी होती.

"मारा की."

तो हातातला पाना पुसत राहिला.

"पेटी हाय. हात हाय. नंबर पुस्तकात हाय, अप्पांच्या तोंडात हाय. गाडी तीच हाय. ह्यात खोटं काय हाय ते मला सांगा तुम्ही."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ती गेल्यावर त्याने पेटी उघडली. पंच तेलाच्या कागदात गुंडाळलेले होते, एकदाही न वापरलेले. कापलेल्या पत्र्याचा एक तुकडा त्याने ऐरणीवर ठेवला आणि पहिला आकडा मारला, मग दुसरा. हाताला सवय होती, ओळ आखावी लागली नाही. शेवटचा आकडा मारून त्याने पत्रा उजेडात धरला. ओळ सरळ, घाव सारखा, खोली सारखी. गाडीवर मारला तर उद्या कुणालाही वाटलं असतं की हा पहिल्यापासूनच इथे आहे.

वर्कशॉपमध्ये कधीकधी असा एक्सल येई की त्याचा नंबर वाचता येत नसे. बाकी सगळं चोख, पोलादात एक चीर नाही. नवे लोक म्हणत, हा अमुक गाडीचाच आहे, बाकीचे तीन शेजारी पडलेत, चौथा हाच, मारून टाक. संघपालने कधी मारला नाही. ज्याचा नंबर गेला तो किती मैल धावला ते कुणी सांगू शकत नाही, आणि ज्याचं सांगता येत नाही त्याच्यावर माणसांचा डबा ठेवायचा नाही. अशा एक्सलवर तो खडूने फुली मारी आणि तो बाजूला ढकलला जाई. किती एक्सलवर त्याने अशी फुली मारली असेल याचा हिशेब नव्हता. तेव्हा त्याला त्याबद्दल काही वाटलं नव्हतं.

त्याने पत्र्याचा तुकडा पोत्याखाली सरकवला आणि पंच पुसून पेटीत ठेवले. गाडीसमोर बसून राहिला. तिच्यात काही दोष नव्हता. ती फक्त तीच आहे हे सांगायची तिची सोय त्याने स्वतःच्या हाताने काढून घेतली होती.

अर्ज केला. एप्रिलमध्ये पंचनामा झाला. पोलिसांनीही गाडीचं कौतुक केलं, एकाने आपल्या मामाकडे अशीच होती म्हणून सांगितलं. जूनमध्ये कागद बेंगळुरूला गेला. मग संघपाल दर पंधरा दिवसांनी बसने जाऊन खिडकीशी उभा राहू लागला. खिडकीतली बाई त्याला ओळखू लागली. "इन्नू बंदिल्ल री," अजून आलं नाही, ती तो वाकायच्या आतच सांगे, आणि तिचा आवाज प्रत्येक वेळी थोडा अधिक मऊ होई. त्या मऊपणाची त्याला भीती वाटायला लागली. कुणी ओरडलं असतं तर त्याने उलट बोलून बघितलं असतं. इथे कुणाचीच चूक नव्हती. जी होती ती त्याची होती आणि ती त्याने पहिल्याच दिवशी कबूल केली होती. आता पुन्हा कबूल करून काही होणार नव्हतं.

घरी तो रोज सकाळी गाडी चालू करी, दहा मिनिटं तशीच ठेवी, बंद करी. अप्पा आधी खुर्चीवरून ऐकत. ऑगस्टपासून आतल्या कॉटवरून ऐकू लागले. त्यांच्या पायांना सूज आली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं, गोळ्या बदलल्या, पुन्हा बदलल्या.

एके दिवशी संघपाल त्यांच्या उशाशी बसला. "अप्पा, महादेवाच्या जावयाची मोठी गाडी हाय. मागं आडवं झोपून जाता येतं. दोन तासांत बेळगाव. आत्याला भेटून येऊ."

"भाड्याच्या गाडीनं?"

"भाडं कुठलं? घरचीच हाय."

"त्याच्या घरची." अप्पांनी डोळे मिटले. "तिनं तीन वर्षं गल्लीला सांगून ठेवलंय. आता दुसऱ्याच्या गाडीतनं मला उचलून उतरवलास तर ती काय सांगंल? लोक हसत्यात, संघा. तोंडावर न्हाई हसत. तिला तिथंच राहायचं हाय."

रागावून बोलले नाहीत. समजावल्यासारखं बोलले. ऑक्टोबरच्या शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आता कुठल्याच गाडीतून शंभर किलोमीटर नको.

दुर्गव्वाला यातलं काही माहीत नव्हतं. फेब्रुवारीपासून अप्पा तिला एकच सांगत आले होते, कागद चाललेत. आपण नंबर घासून टाकल्याची गोष्ट अप्पा आत्याला सांगत नाहीत हे संघपाल दर रविवारी ऐकत होता, आणि दर रविवारी ते त्याला जास्त जड होत होतं. शेवटी त्याने ठरवलं, आता आपणच सांगायचं. आत्या बोलेल ते ऐकून घ्यायचं.

त्या रविवारी दहाला फोन वाजला तेव्हा तो त्यानेच उचलला आणि स्पीकर लावला.

"आत्या, मी संघा. तुला एक सांगायचं होतं गाडीचं. माझ्याकडनं—"

अप्पांनी कॉटवरून हात पुढे केला. संघपालने फोन त्यांच्या तळहातावर ठेवला.

"दुर्गे," अप्पा म्हणाले, "गाडी पास झाली."

संघपालने त्यांच्याकडे बघितलं. अप्पा छताकडे बघत होते.

"काय म्हणतोस अण्णा! कधी?"

"झाली. पोरानं झकास केलीया. इन्स्पेक्टर बघून म्हणाला, मस्त. बॉनेटवर पेन उभं राहतंय, बघ. एवढं इंजिन शांत." त्यांना दम लागला. ते थांबले, श्वास घेतला. "गाडी चांगली हाय. मीच न्हाई जमत आता. पाय वाकंनात. गाडीत बसायचं म्हणजे पाय वाकाया लागतात."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. विशाखा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती आणि पदराने कोरडेच हात पुसत होती. आत्या रडेल असं संघपालला वाटलं. त्याला अप्पांना थांबवावंसं वाटत होतं आणि त्यांच्या पायाशी बसावंसंही वाटत होतं. त्याची चूक अप्पांनी उचलून स्वतःच्या पायांवर घेतली होती, इतक्या सहज, की आता ती परत मागताही येत नव्हती.

दुर्गव्वा रडली नाही. तिने नाक ओढलं आणि मग तिचा आवाज आला, नेहमीसारखा खणखणीत.

"मग तू नको येऊस. तू पडून ऱ्हा. जीव सांभाळ. पण गाडी तर पास हाय न्हवं? संघाला लावून दे की. गाडी घेऊन येऊ दे त्याला. दारात उभी केली, मी हात लावला, की झालं बघ. मी त्याला जेवायला घालून लावून देतो. पुढच्या रविवारी येऊ दे?"

अप्पांनी तोंड उघडलं. त्यांनी मान वळवून संघपालकडे बघितलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते त्याला डोळ्यांनी विचारत होते, आता काय सांगू.

संघपाल कॉटच्या पायथ्याशी उभा होता. त्याने एक पाऊल पुढे टाकलं. फोन घ्यावा म्हणून हात उचलला, आणि तसाच धरून ठेवला.

"अण्णा? ऐकालास न्हवं?" दुर्गव्वाने उत्तराची वाट बघितली नाही. फोन चालू ठेवूनच तिने तो कुठेतरी खाली ठेवला. कडी निघाल्याचा आवाज झाला, दार उघडलं, आणि तिथल्या गल्लीत मोठ्याने, एकेका शेजारणीचं नाव घेऊन, ती हाका मारून सांगू लागली की पुढच्या रविवारी तिच्या भावाची गाडी येणार आहे.